पेटीकाराचे दप्तर : कागद, फर्मे आणि मापपट्ट्या कशा लावाव्यात

बडोद्याच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा मांडवीच्या आसपास अजूनही अशी काही घरे आहेत, जिथे एके काळी ओसरीवर भाते शिवले जात आणि मागच्या खोलीतून सूर, म्हणजे पेटीत हवेने वाजणारी पितळी पाती, घासल्याचा बारीक आवाज दुपारभर येत असे. पेट्या, म्हणजे हार्मोनियम, बनवणारा माणूस जातो, हत्यारे कुणीतरी नेतो, दुकानाची जागा भाड्याने दिली जाते, आणि माळ्यावर उरते ती पत्र्याची एक ट्रंक. तिच्यात वह्या, बिले, पोस्टकार्डे, ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या आणि सुतळीने बांधलेल्या लाकडी पट्ट्या असतात. अशी ट्रंक उघडायला बसलेल्या माणसासाठी हा लेख आहे. अशा दोन दप्तरांच्या कामात मी होतो आणि पुढे सांगितलेल्यापैकी बरेचसे मी चुकून शिकलो आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. पेटीच्या कारागिराचे डिझाइन एका कागदावर कधीच नसते. थोडे कागदावर असते, थोडे लाकडी मापपट्टीवर पेन्सिलीच्या खुणांनी असते, थोडे पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या फर्म्यात कापलेले असते आणि उरलेले पेटीच्या पोटात, रीड बोर्डाच्या, म्हणजे सूर बसवलेल्या फळीच्या, मागच्या बाजूला, त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेले असते. घरातली माणसे कागद तेवढे ‘महत्त्वाचे’ म्हणून ठेवतात आणि लाकूड टाकून देतात. तसे झाले की राहिलेला कागदही मुका होतो. युरोपात चर्चमधले पाइप ऑर्गन बांधणाऱ्यांची कागदपत्रे सांभाळण्याची परंपरा जुनी आहे, आणि बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी संशोधन ग्रंथालयात त्यासाठी ब्रिटिश ऑर्गन आर्काइव्ह हा स्वतंत्र संग्रहच आहे. त्या धंद्यातही नळ्यांचे व्यास एका लांब पट्टीवर खुणांनी नोंदवण्याची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकात टॉफर या जर्मन अभ्यासकाने सांगितलेल्या प्रमाणात दर सतराव्या नळीचा व्यास पहिल्या नळीच्या निम्मा होतो. हे प्रमाण ठाऊक असलेला माणूस, एक अक्षरही लिहिलेले नसताना, खुणांच्या अंतरावरून पट्टी कशाची आहे ते ओळखू शकतो. आपल्याकडच्या पेटीकाराच्या पट्ट्याही अशाच वाचाव्या लागतात.

दप्तराला पार्श्वभूमी म्हणून थोडा इतिहास जवळ असावा. हार्मोनियम हे नाव आणि त्याचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दब्यां याच्याकडे जाते. तो काळ १८४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. मांडी घालून एका हाताने भाता मारत वाजवायच्या हातपेटीचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते, ज्यांची द्वारकिन ही पेढी १८७५ मध्ये सुरू झाली. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ मध्ये, मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीतशाळा निघाली, जी आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌स फॅकल्टी आहे; आणि १८९० मध्ये कलाभवन निघाले, जिथे सुतारकामापासून यांत्रिक आराखड्यांपर्यंत शिकवले जाई. म्हणून बडोद्याच्या एखाद्या कारागिराच्या कागदात अचानक नेटका, टी-स्क्वेअरने काढलेला छेद दिसला, तर तो कुठून तरी नकललेला आहे असे लगेच धरू नये. त्याने किंवा त्याच्या भावाने कलाभवनात धडे घेतले होते का, हे घरात विचारावे.

ट्रंक उघडण्याआधी

हे काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दरम्यान करावे. हवा कोरडी असते, कागद एकमेकांना चिकटत नाहीत आणि बुरशी असलीच तरी ती सुप्त असते. पावसाळ्यात ट्रंक उघडून कागद पसरणे म्हणजे त्यांना ओलावा पाजणे होय. एप्रिल-मे महिन्यांत जुने कागद इतके ठिसूळ होतात की घडी उघडतानाच घडीच्या रेषेवर तुटतात.

लागणारे सामान फार नाही. मोठे टेबल किंवा धुतलेली चादर घातलेली जमीन, मऊ केसांचा रुंद ब्रश, २बी पेन्सिल, धातूची एक फूटपट्टी, मोबाइल, नाकातोंडावर बांधायला चांगला मास्क आणि धुतलेले, पूर्ण वाळलेले हात एवढ्यावर भागते. सुती हातमोजे घालू नयेत असे माझे मत आहे, कारण त्यांनी बोटांना कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. जुने फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना मात्र मोजे हवेतच. चहाचा कप दुसऱ्या खोलीत.

मग सर्वांत महत्त्वाचे काम, जे बहुतेक जण उरकून टाकतात. कशालाही हात न लावता ट्रंकेचा वरून फोटो घ्यावा. वरचा थर उचलण्याआधी एक, उचलल्यावर एक, असे तळापर्यंत जावे. कोणती गुंडाळी कोणत्या वहीखाली होती, कोणते पोस्टकार्ड कोणत्या पानात खोचलेले होते, पट्ट्यांची मोळी कोणत्या आराखड्याशेजारी होती, हा क्रम कारागिराने स्वतः लावलेला असतो, आणि त्याच्या पश्चात तो क्रम सांगणारे दुसरे कुणी नसते.

पहिल्या दप्तराच्या वेळी मी हे केले नाही. उत्साहाच्या भरात सगळे कागद आकारानुसार लावले: मोठे एकीकडे, बिले एकीकडे, चिठ्ठ्या एकीकडे. चिठ्ठ्यांमध्ये तळहाताएवढा एक कागद होता, त्यावर आठ आकडे आणि ‘मास्तरांची, लांब’ एवढेच शब्द. ते माप कोणत्या पेटीचे, हे कळायला मार्ग उरला नाही. शेवटी दोन संध्याकाळी घालवल्यावर उत्तर सापडले ते गंजातून. चिठ्ठीच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोके आणि त्यांच्याभोवती गंजाचा तपकिरी डाग होता; तोच डाग, त्याच अंतरावर, आरशातल्यासारखा उलटा, एका लाकूड-खरेदीच्या बिलाच्या पाठीवर उमटलेला होता. टाचणी मीच पहिल्या दिवशी काढून फेकली होती. गंजलेली टाचणी काढावी हे खरेच, पण काढण्याआधी कोणते कागद तिने एकत्र धरले होते ते लिहून ठेवावे आणि नंतर ते कागद एका दुमडलेल्या पांढऱ्या कागदात एकत्रच ठेवावेत.

रुमाल आणि क्रमांक

आपल्याकडे दप्तर बांधण्याची स्वतःची रीत आहे आणि ती चांगली आहे. पेशवे दप्तरातले कागद चौकोनी कापडात बांधून ठेवलेले असत आणि अशा प्रत्येक गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पुरालेखागारात आजही कागद रुमालाच्या क्रमांकाने मागतात. घरगुती दप्तरासाठी याहून सोपी मांडणी मला सापडलेली नाही. ट्रंकेत जे गट जसे सापडले त्या प्रत्येकाला एक रुमाल द्यावा, रुमालाला क्रमांक द्यावा आणि रुमालातल्या कागदांना एकापासून क्रमांक द्यावेत. क्रमांक पेन्सिलीने, हलक्या हाताने, कागदाच्या मागच्या बाजूला खालच्या उजव्या कोपऱ्यात लिहावा. उदाहरणार्थ, तिसऱ्या रुमालातला बारावा कागद ‘३/१२’. बॉलपेन, रबरी शिक्का आणि चिकटणारी लेबले यांना मनाई. पट्ट्या आणि फर्म्यांनाही हाच क्रमांक द्यावा, पण तो लाकडावर न लिहिता सुती दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीवर लिहावा. मूळ क्रम मोडायचा मोह होईल, विशेषतः सगळी बिले एकत्र आणि सगळी पत्रे एकत्र करण्याचा. तो यादीत भागवावा. यादी हवी तशी विषयवार करता येते, कागद मात्र सापडले तसेच राहावेत.

कागद ओळखणे

पेटीकाराच्या ट्रंकेत निदान पाच-सहा जातींचे कागद असतात आणि प्रत्येकाचा आजार वेगळा असतो.

लांबट वह्या आणि रोजमेळ यांचा कागद बहुधा टिकाऊ असतो आणि जुनी काजळीची शाई पाण्याशिवाय कशाला भीत नाही. नंतरच्या दौतीतल्या लोहयुक्त शाईने मात्र अक्षराच्या जागी कागद जळून आरपार भोक पडलेले दिसते; अशी पाने कमीत कमी उलटावीत.

ट्रेसिंग पेपर काळानुसार पिवळा आणि काचेसारखा कडक होतो. गुंडाळी जबरदस्तीने सपाट करू नये. ती धुतलेल्या सुती कापडावर दोन दिवस मोकळी पडू द्यावी, दर काही तासांनी थोडी थोडी उलगडावी आणि कडांवर वाळूच्या कापडी पिशव्या ठेवाव्यात. दगड, पितळी वजने किंवा वरवंटा हे घरात हाताशी असतात म्हणून ठेवले जातात आणि त्यांचा डाग आयुष्यभर राहतो.

निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेली ब्लूप्रिंट असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिला उजेड चालत नाही, आणि तिला क्षारधर्मी कागदही चालत नाही. जतनासाठी म्हणून विकत मिळणाऱ्या काही कागदांत आम्ल मारण्यासाठी चुनखडी मिसळलेली असते, आणि असा कागद ब्लूप्रिंटला लागून राहिला तर निळा रंग उडतो. तिच्यासाठी साधा, आम्ल नसलेला आणि चुनखडीही नसलेला कागद घ्यावा. याउलट, पांढऱ्या कागदावर निळ्या-जांभळ्या रेषा असलेला आराखडा बहुधा अमोनिया प्रिंट असतो. तो शेजारच्या कागदांना डाग देतो, म्हणून त्याचा रुमाल निराळा ठेवावा आणि त्याच्या जागी मूळ रुमालात ‘अमुक कागद तमुक ठिकाणी हलवला’ अशी चिठ्ठी ठेवावी.

सगळ्यांत फसवी वस्तू म्हणजे जांभळी पेन्सिल, जिला कॉपिंग पेन्सिल म्हणतात. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते, पण तिच्या शिशात ॲनिलीनचा रंग असतो आणि पाण्याचा एक थेंब पडला की तो भडक जांभळा होऊन पसरतो. कारागिरांना ती आवडे, कारण जिभेला लावून लाकडावर लिहिले की खोडले जात नसे. म्हणून कोणताही कागद किंवा पट्टी ओल्या फडक्याने पुसू नये. अगदी ‘फक्त जरा ओलसर’ फडक्यानेही नाही.

फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. तुकडे एका लिफाफ्यात एकत्र ठेवणे पुरेसे असते. फारच गरज पडली, तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद यांनी जोडता येते, पण ते काम शिकलेल्या माणसाकडून करून घ्यावे.

तारखा, लिप्या आणि मापे

पेटीकार कागदावर साल क्वचितच लिहितो. तरी कागद आपले वय इतर वाटांनी सांगतो. बिलात आणे-पै असतील तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याची दाट शक्यता असते, जरी सवयीने आण्यांचा हिशेब नंतरही काही काळ चालला असला तरी. छापील पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पत्त्यात ‘बडोदे संस्थान’ असेल तर तो १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन होण्याआधी छापलेला. ‘मुंबई राज्य’ असेल तर तिथून १ मे १९६० पर्यंतचा. लेटरहेड मात्र छापून वर्षानुवर्षे वापरले जाते, म्हणून छपाईचा काळ हा लिहिण्याचा काळ नव्हे, एवढे पथ्य पाळावे.

तिथी दिली असेल तर बडोद्यात जास्त काळजी लागते, कारण एकाच वहीत मराठी शक आणि गुजराती संवत दोन्ही सापडतात. शक चैत्रात बदलतो: गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर त्यात ७८ मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. गुजराती विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो: तिथून डिसेंबरअखेर त्यातून ५७ वजा करावेत, जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५६. ज्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या चैत्री संवताचे गणित पाठ केले आहे, त्यांचे इथे काही महिन्यांसाठी एक वर्ष चुकते.

लिपीचेही असेच. जुन्या वह्या मोडीत, बिले गुजरातीत, आराखड्यांवर बाळबोध आणि मालाच्या पेट्यांवर इंग्रजी असा सगळा कारभार एकाच घरात चालत असे. मोडी वाचणारे आज थोडे आहेत, पण आहेत; त्यांच्याकडे वही नेण्याऐवजी फोटो न्यावेत. एक बारीक फसगत सांगतो. गुजराती पाचाचा आकडा आणि गुजराती ‘प’ हे अक्षर हाताने लिहिल्यावर जवळजवळ एकसारखेच दिसतात. सुरांच्या यादीत तो ‘पंचम’ आहे की पाच हा आकडा, हे आजूबाजूच्या नोंदींवरूनच ठरवावे लागते. आम्ही एका पानावर तो आकडा धरून चाललो होतो आणि बेरीज काही केल्या जुळेना.

मापांत इंच आणि सूत हे जोडपे नेहमीचे. आठ सुतांचा एक इंच. ‘७ इं. ३ सू.’ म्हणजे पावणेआठ नव्हे, सात पूर्णांक तीन अष्टमांश, सुमारे १८७ मिलिमीटर. यादीत मूळ माप जसेच्या तसे लिहावे आणि मिलिमीटर शेजारी द्यावेत, त्याच्या जागी नव्हे. आणखी एक नियम: आराखड्यावर आकडा लिहिलेला असेल तर तोच खरा मानावा, रेषा मोजून काढलेले माप दुय्यम. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि तो दोन्ही दिशांना सारखा आकसत नाही. झेरॉक्सवर मोजलेल्या मापावर तर पट्टी कापूच नये.

वह्यांतला मजकूर वाचताना धंद्याची वळणे लक्षात असली तर नोंदी बोलू लागतात. ‘जर्मन सूर’ आणि ‘पालिताणा’ हे शब्द कोणत्या वर्षी येतात आणि कोणत्या वर्षी जातात ते टिपावे; भावनगर जिल्ह्यातले पालिताणा हे पितळी सुरांसाठी ओळखले जाणारे गाव आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये काही प्रमाणात उठली; त्या तीन दशकांतली गिऱ्हाइके कोण होती, भजनी मंडळे, शाळा, कीर्तनकार की नाटक मंडळ्या, हे रोजमेळातून काढता येते. ‘ऑर्गन’ असा शब्द आला तर घाईने पाइप ऑर्गन समजू नये. मराठी संगीत नाटकात ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायची सुरांचीच पेटी. अमेरिकी बनावटीच्या ऑर्गनमध्ये हवा आत ओढली जाऊन सूर वाजतो, हार्मोनियममध्ये ती बाहेर ढकलली जाऊन. भात्याच्या आराखड्यात झडपांची दिशा पाहिली की कोणता प्रकार आहे ते ठरते.

कागदाची लाकडाशी गाठ

आता खरे काम. दुसऱ्या दप्तरात सुतळीने बांधलेल्या अकरा पट्ट्या होत्या. मी त्या मोजत असताना घरातल्या आजी दारात येऊन म्हणाल्या, “अरे, त्या काड्या बंबात घालायला काढून ठेवल्या होत्या मी. त्या रे कशाला मोजतोस?” त्यातली एक सागवानी पट्टी चौकोनी छेदाची, हातभर लांबीची होती. एका अंगावर सुरीने मारलेल्या खाचा, दुसऱ्यावर पेन्सिलीच्या रेषा, तिसऱ्यावर एका टोकाला ‘का १’ (काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी) असे जांभळट अक्षर आणि चौथे अंग कोरे. खाचा मोजल्या तर ३९ भरल्या. बोटांनी दाबायच्या ३९ पट्ट्या म्हणजे सव्वातीन सप्तकांची पेटी. साडेतीन सप्तकांना ४२ लागतात. पट्टी ट्रंकेत जिथे होती त्या फोटोवरून तिच्याशेजारची ट्रेसिंगची गुंडाळी शोधली, उलगडली आणि पट्टी तिच्यावर ठेवली. खाचा आराखड्यातल्या पट्ट्यांच्या मध्यरेषांवर बसल्या. पेन्सिलीच्या रेषा मात्र कशावरच बसेनात. त्या बसल्या महिनाभराने, त्याच कारागिराची एक पेटी शेजारच्या भजनी मंडळात उघडल्यावर: त्या रेषा रीड बोर्डातल्या घरांच्या लांबीच्या होत्या, खर्जाकडे मोठ्या आणि तारसप्तकाकडे लहान होत जाणाऱ्या.

यातून जी पद्धत ठरली ती अशी. प्रत्येक पट्टीच्या चारही अंगांचा, शेजारी धातूची फूटपट्टी ठेवून, सरळ वरून फोटो घ्यावा. खुणा मोजाव्यात आणि एका टोकापासून प्रत्येक खुणेचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे. दर वेळी मागच्या खुणेपासून मोजले तर चूक साठत जाते. अंतरे समान असतील तर मापपट्टी बहुधा बोटांनी दाबायच्या पट्ट्यांच्या आखणीची, क्रमाने कमी होत असतील तर सुरांशी किंवा सुरांच्या घरांशी संबंधित. मग ती ट्रंकेतल्या शेजारच्या आराखड्यांवर ठेवून पाहावी. जुळणी सापडली की यादीत दोन्ही बाजूंनी नोंद करावी: कागदाच्या नोंदीत पट्टीचा क्रमांक आणि पट्टीच्या नोंदीत कागदाचा. जुळणी अंदाजाने केली असेल तर ‘बहुधा’ हा शब्द तिथे लिहावा. पुढचा माणूस तुमच्या आत्मविश्वासावर लाकूड कापणार आहे.

गावात त्या कारागिराच्या पेट्या शिल्लक असतील तर त्या पाहायला जावे. मालकाच्या परवानगीने वरचे झाकण काढले तरी बरेच दिसते: पट्ट्यांच्या कडेला लिहिलेले क्रमांक, बोर्डाच्या कोपऱ्यातली तारीख, कधी दुरुस्ती करणाऱ्या दुसऱ्याच माणसाची सही. सुरांना हात लावू नये. सुराचे पाते टोकाकडे खरवडले तर सूर चढतो आणि बुडाकडे खरवडले तर उतरतो. एका सुरावर दोन्हीकडे ओरखडे असतील तर तो कधी तरी फिरवून लावला गेला आहे, हीसुद्धा नोंदच. ओरखड्यांचा जवळून फोटो घ्यावा.

सूर वाजत असतील तर ते रेकॉर्ड करावेत. एकेक पट्टी, एकच सूरसंच उघडून, भात्याचा दाब सारखा ठेवून, पाच सेकंद. आवाज कोणत्याही दाबलेल्या स्वरूपात न ठेवता वेव्ह फाइलमध्ये ठेवावा. मोबाइलवरच्या ट्यूनरने हर्ट्‌झ नोंदवावेत. मध्यसप्तकातली काळी एक आजच्या ४४० हर्ट्‌झच्या (पाश्चात्त्य ‘ए’ हा स्वर ४४० वर धरणाऱ्या) प्रमाणात सुमारे २७७ हर्ट्‌झवर येते. पेटीत ती २८० आली, तर ती पेटी साधारण ४४४ च्या प्रमाणात लावलेली आहे. एका सुरावरून हे ठरवू नये, निदान एक पूर्ण सप्तक पाहावे.

कारागिराचे सहकारी, भाता शिवणारे, पॉलिश करणारे हयात असतील तर त्यांच्याशी बोलताना त्यांच्या हातात वस्तू द्यावी. “पेटी कशी बनवायचे?” असे विचारले की मुलाखतीला शोभेलसे उत्तर मिळते. पट्टी हातात देऊन “ही खाच कशाची, काका?” असे विचारले की बोट आपोआप बरोबर जागी जाते.

फोटो आणि प्रती

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयला सुमारे ९ मेगापिक्सेल होतो, म्हणून बारा मेगापिक्सेलचा मोबाइल त्याला पुरतो. ए-२ आकाराचा आराखडा त्याच प्रमाणात ३५ मेगापिक्सेल होतो, म्हणजे तो भागाभागांत घ्यावा लागतो, आणि प्रत्येक भागात आडवी व उभी अशी दोन मापे दिसली पाहिजेत. उजेड खिडकीचा, दोन्ही बाजूंनी, फ्लॅश बंद. कागदाची मागची बाजू कोरी असली तरी तिचाही फोटो. फाइलच्या नावात रुमाल आणि कागदाचा क्रमांक यावा, कारागिराचे नाव नाही. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक बडोद्याबाहेर.

बडोद्याबाहेर का, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ३१ जुलै २०१९ ला शहरात पाणी भरले, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले. तळमजल्यावर दप्तर ठेवू नये, आणि पहिल्या मजल्यावरही जमिनीपासून हातभर उंच, भिंतीला न टेकवता ठेवावे, कारण ओल भिंतीतून येते आणि वाळवीही.

बांधणे आणि ठेवणे

रुमालासाठी मांजरपाट घ्यावा, तो दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढावी आणि उन्हात वाळवावा. रंगीत कापडाचा रंग उतरतो. पूर्वी दप्तरांना लाल फडके असे, ते दिसायला छान होते, पण आता नको. कागदांच्या वर आणि खाली आम्लरहित पुठ्ठा ठेवून, सुती नाडीने हलकी गाठ मारावी. मोठे आराखडे सपाट ठेवायला जागा नसेल तर जाड नळीवर बाहेरून गुंडाळावेत. नळीच्या आत सारू नयेत, कारण बाहेर काढताना कडा सोलतात. पट्ट्या त्याच रुमालाशेजारी, आडव्या.

बंद खोलीत सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवावा. दिवसा एसी आणि रात्री बंद, अशा चढउतारापेक्षा पंखा आणि हवेशीर लाकडी कपाट बरे. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. कडुनिंबाचा पाला टाकायची सवय घरोघरी आहे, पण पाला पुरता वाळलेला नसेल तर तो किड्यांना पळवण्याआधी कागदाला डाग देतो. कसर लागलेला कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावा, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरते.

हक्क आणि सुपूर्द करणे

कागद घराच्या मालकीचा असला तरी त्यावरचा हक्क निराळा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आराखड्यावरचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो, आणि आलेल्या पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. उधारीच्या वह्यांत ज्यांची नावे आहेत त्यांची नातवंडे याच गल्लीत राहतात. ती पाने यादीत घ्यावीत, पण सगळ्यांना खुली करू नयेत.

घरात सांभाळणे शक्य नसेल तर बडोद्यात विचारायला जागा आहेत: परफॉर्मिंग आर्ट्‌स फॅकल्टी, प्राच्यविद्या मंदिर, गुजरात पुरालेख विभागाचे इथले कार्यालय. जाताना ट्रंक नेऊ नये, यादी न्यावी. द्यायचे ठरले तर दानपत्र लेखी करावे, आणि त्यात दप्तर तुकडे न करता एकत्र राहील, मूळ क्रम मोडला जाणार नाही आणि कुटुंबाला प्रती मिळतील ही तीन कलमे घालावीत. पोच घेताना पान उलटून पाहावे. लाकडी पट्ट्या आणि फर्मे ‘इतर वस्तू, एक मोळी’ असे एका ओळीत लिहिले असेल तर पोच परत द्यावी आणि प्रत्येक पट्टीचा क्रमांक तिच्या आराखड्याच्या क्रमांकाशेजारी लिहून मागावा.